कल्याणपुढचा लोहमार्ग आणि तत्त्वज्ञानाचा वर्ग

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजीं झाली. त्याच्या आदल्याच वर्षीं, १८५६ च्या मे महिन्यांत, कल्याणहून बदलापूर-नेरळवरून खोपोलीपर्यंत आगगाडी धांवूं लागली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशीं कांहीं संबंध असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु महाराष्ट्रांत तत्त्वज्ञान हा विषय विद्यापीठाच्या वर्गांतून कसा शिकला गेला, याचा मागोवा घेऊं लागलें म्हणजे या लोहमार्गाकडे दृष्टि वारंवार वळते. त्याच्या एका टोकास मुंबईचें एल्फिन्स्टन कॉलेज, दुसऱ्या टोकास पुण्याचें डेक्कन कॉलेज. आणि मध्यें अंबरनाथ व बदलापूर हीं उल्हास नदीच्या खोऱ्यांतील लहान गांवें. अंबरनाथास शके ९८२ मधलें शिलाहारांचें शिवालय होतें, पण तें पाहावयास गाडींतून उतरणारे थोडे. १८६३ सालीं बोरघाटांतील मार्ग पुरा होईपर्यंत पुण्याकडे जाणाऱ्यास खोपोलीस उतरून घाट निराळ्या वाहनानें किंवा पायींच चढावा लागे. पुण्याच्या विद्यार्थ्यास पदवी घ्यावयाची ती मुंबईच्याच विद्यापीठाची, तेव्हां हा रस्ता त्यास चुकत नसे.

हें विद्यापीठ लंडनच्या विद्यापीठाच्या नमुन्यावर उभारलेलें होतें. तें स्वतः शिकवीत नसे; परीक्षा घेई आणि पदवी देई. शिकविण्याचें काम संलग्न कॉलेजांचें. पुढें १८५८ सालीं लंडननें कॉलेजांत न जातांहि परीक्षेस बसण्याची मुभा दिली. मुंबईनें तसें केलें नाहीं. येथें कॉलेजांत ‘टर्म भरणें’ सक्तीचें राहिलें. गरीब घरच्या मुलास ही सक्ति जाचक होती यांत शंका नाहीं. फी, खानावळ, राहण्याची जागा, सारें त्यांत आलें. तथापि एका विषयापुरती ती उपकारक ठरली, असें म्हणावें लागतें. भूमितीचा सिद्धांत घरीं बसून सुटतो. सुटला कीं नाहीं हेंहि आपलें आपल्यास कळतें. इतिहासाचीं पुस्तकें दिव्याशीं बसून वाचतां येतात. पण तत्त्वज्ञानाचें पान वाचून झाल्यावर तें समजलें कीं नुसतें पाठ झालें, हें एकट्या वाचणाऱ्यास सांगतां येत नाहीं. त्यासाठीं समोर कोणीतरी “कशावरून?” असें विचारणारा लागतो. टर्म भरण्याच्या नियमानें असा माणूस निदान आठवड्यांतून कांहीं तास विद्यार्थ्यापुढें आणून बसविला.

अर्थात् वर्गांतील प्रत्येक तास असा जात असे, असें मानण्याचें कारण नाहीं. तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र हे विषय नेमलेल्या पुस्तकांवरून शिकविले जात. प्रोफेसरांनीं परिच्छेद वाचावा, त्याचा सारांश सांगावा, आणि मुलांनीं तो वहींत उतरवून घ्यावा, ही पद्धति सर्वत्र रूढ होती. परीक्षक तेंच विचारणार हें ठाऊक असल्यानें वहीची किंमत पुस्तकाहून जास्त होई. शिवाय भाषा इंग्रजी. मिल्लचा उपयुक्ततावाद ज्या मुलानें वर्गांत इंग्रजींत ऐकला, त्यास तो घरीं आईला मराठींत सांगावयाचा झाला तर शब्द सांपडत नसत.

शब्दांच्या या अडचणींतून वाट काढणाऱ्यांत गोपाळ गणेश आगरकर हे अग्रेसर होत. कऱ्हाडजवळच्या टेंभू या गांवीं १८५६ सालीं जन्मलेला हा मुलगा अत्यंत हलाखींत शिकला. डेक्कन कॉलेजांत असतांना अंगांत एकच सदरा असल्यामुळें तो रात्रीं धुवून सकाळीं घालावा लागे, ही हकीकत सर्वश्रुत आहे. इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय घेऊन ते एम. ए. झाले. मिल्ल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांनीं त्यांच्या मनाची घडण केली हें त्यांच्या लेखांच्या प्रत्येक पानावर दिसतें. पण तेवढेच ग्रंथ त्याच कॉलेजांत इतर शेकडों मुलांनींहि वाचले होते. फरक पडला तो वर्ग सुटल्यानंतर. आगरकर आणि टिळक हे दोघे कॉलेजच्या वसतिगृहांत रात्र रात्र वाद घालीत. वर्गांत ऐकलेलें मत येथें मित्रासमोर ठेवून टिकवावें लागे. प्रोफेसरांचें नांव पुढें करून सुटका नव्हती. शिक्षणास वाहून घेण्याचा दोघांचा निश्चय याच वादांतून पक्का झाला. मुलगा मोठ्या परीक्षा देऊन मोठ्या पगारावर जाईल या आशेवर असलेल्या आईस आगरकरांनीं पत्र लिहून, आपण पोटापुरत्या पैशावर संतोष मानून उरलेला वेळ परहितांत घालविणार, हें कळविलें. नीतिशास्त्राच्या तासास शिकलेला विचार एखाद्या घराच्या चुलीपर्यंत येऊन पोंचतो तो असा.

१८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांतील बदनामीच्या खटल्यासाठीं हेच दोघे याच लोहमार्गानें मुंबईस गेले, आणि डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं १०१ दिवस काढले. पुढें दोघांचे मार्ग फुटले. तो इतिहास निराळा. एक गोष्ट मात्र येथें नमूद करण्याजोगी आहे. टिळकांची पदवी गणिताची. तत्त्वज्ञान त्यांनीं विद्यापीठाच्या परीक्षेसाठीं घेतलें नव्हतें. तरीहि १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’ंत मिल्ल, स्पेन्सर, ग्रीन आणि कांट यांची मराठींतून झाडाझडती झाली, आणि ‘आधिभौतिक सुखवाद’ यासारखे शब्द वाचकांच्या तोंडीं बसले. आगरकरांनीं ज्यांचा पुरस्कार केला त्यांचाच टिळकांनीं प्रतिवाद केला. वसतिगृहांतला जुना वाद, एक पक्ष कालवश होऊन वीस वर्षें झालीं तरी, चालूच राहिला होता असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. वर्गांत इंग्रजींत शिकलेल्या विषयास मराठी परिभाषा मिळण्याचें हें काम पुढें दीर्घकाळ चाललें. फर्ग्युसन कॉलेजांतील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक दे. द. वाडेकर यांनीं संपादिलेल्या मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड निघाले ते १९७४ सालीं.

विद्यापीठाच्या परीक्षापद्धतीस कंटाळलेल्यांची एक निराळी खटपट खानदेशांत झाली. अमळनेर येथील गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनीं १९१६ सालीं तेथें तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलें. ही संस्था पदवी देणारी नव्हती. निवडक अभ्यासकांनीं तेथें राहावें, त्यांच्या निर्वाहाची सोय संस्थेनें करावी, आणि त्यांनीं वेदांताचा व पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा अभ्यास व चर्चा करावी, अशी ती योजना होती. कापसाच्या पैशावर शांकर अद्वैताची चर्चा चालावी हें कोणास चमत्कारिक वाटेल. पण राजाश्रय संपल्यावर विद्येनें जावें तरी कोठें? १९२५ पासून संस्थेचें इंग्रजी त्रैमासिक निघूं लागलें. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा आत्मस्वातंत्र्यावरील प्रसिद्ध ग्रंथ १९३० सालीं येथूनच प्रकाशित झाला. साने गुरुजीहि १९२४ सालीं अमळनेरच्या शाळेंत शिक्षक होण्यापूर्वीं कांहीं काळ या मंदिरांत अभ्यासक होते. त्यांनीं मंदिर सोडून शाळेची वाट धरली याचा मराठी मुलांना फायदाच झाला.

या मंदिरांतील शिक्षणाची रीत समजण्यास एकच पुस्तक पुरें आहे. १९३३ सालीं ‘अज्ञान’ या नांवाचा एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. अद्वैत वेदांतांत अज्ञान हें सत् म्हणतां येत नाहीं, असत् म्हणतां येत नाहीं, आणि ज्ञान होतांच नाहींसें होतें, असें मानलेलें आहे. मग तें राहतें कोठें? ब्रह्माच्या ठिकाणीं म्हणावें तर ब्रह्म ज्ञानस्वरूप. जीवाच्या ठिकाणीं म्हणावें तर जीव हाच मुळीं अज्ञानानें झालेला. ही गांठ जुन्या आचार्यांसहि सुटण्यास कठीण गेली होती. तिच्यावर तिघांनीं तीन निबंध लिहिले आणि ते एकाच पुस्तकांत छापले. एक रासविहारी दास, हे बंगाली. दुसरे टी. आर. व्ही. मूर्ति, हे दाक्षिणात्य. आणि तिसरे घ. र. मलकानी, हे सिंधी. मंदिराचें संचालकपद दीर्घकाळ त्यांच्याकडेच होतें. तीन प्रांतांच्या तीन विद्वानांनीं खानदेशांतील एका गिरणीच्या गांवीं बसून एका शब्दावर असा खल करावा, आणि कोणीहि दुसऱ्याची री ओढूं नये, हें परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत घडलें नसतें.

मलकानी यांच्या नांवाशीं येथें थोडें थांबलें पाहिजे. कारण सिंधचा आणि मुंबई विद्यापीठाचा संबंध पुष्कळांच्या विस्मरणांत गेला आहे. सिंध १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यांत होता, आणि तो वेगळा झाल्यावरहि १९४७ सालीं स्वतंत्र विद्यापीठ निघेपर्यंत तेथील कॉलेजें मुंबई विद्यापीठासच जोडलेलीं राहिलीं. कराचीचें दयाराम जेठमल कॉलेज १८८७ मधलें. म्हणजे पुण्याचा मुलगा तर्कशास्त्राचें जें पुस्तक वाची, तेंच कराचीचा वाची; प्रश्नपत्रिका एक, आणि पदवीवरची मुद्राहि एक. साधु टी. एल. वासवानी हे याच विद्यापीठाचे १९०२ चे एम. ए. संन्यस्त वृत्तीनें राहूं लागण्यापूर्वीं ते कलकत्ता आणि कराची येथें प्राध्यापक होते, आणि कलकत्त्यास इतिहासाबरोबर तत्त्वज्ञानहि शिकवीत. फाळणीनंतर १९४९ सालीं ते पुण्यास येऊन राहिले व १९६६ सालीं तेथेंच निवर्तले.

सर्वांनाच पुणें मिळालें नाहीं. कल्याणच्या पुढें, अंबरनाथच्या अलीकडे, दुसऱ्या महायुद्धांत सैन्यासाठीं मोठी छावणी उभारलेली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस तेथील बराकींत जागा देण्यांत आली. त्यांची संख्या लाखाच्या घरांत गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें या वसाहतीचें उल्हासनगर असें नामकरण झालें. तरी तिचे भाग आजहि ‘कॅम्प’ या नांवानें आणि क्रमांकानेंच ओळखले जातात. बराकींतील माणसाचें घर गेलें होतें, दुकान गेलें होतें, देऊळ आणि दर्गा मागें राहिला होता. सिंधी ही त्याची भाषा, आणि आसपास सारें मराठी. परंतु त्याच्यापाशीं जर पदवीचा कागद असेल, तर त्यावर नांव मुंबई विद्यापीठाचेंच होतें, आणि तें विद्यापीठ आतां त्याच लोहमार्गाच्या शेवटास होतें. इतर सर्व बाबतींत परका ठरलेला माणूस या एका बाबतींत मूळचाच रहिवासी होता.

या सूत्राचा उपयोग सिंधी शिक्षकांनीं हुशारीनें केला. सिंधमधील हैदराबादचें नॅशनल कॉलेज तेथेंच राहिलें. पण त्याचे प्राचार्य के. एम. कुंदनानी यांनीं बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांच्या साहाय्यानें १९४९ सालीं मुंबईस वांद्र्यांत नवें नॅशनल कॉलेज उभें केलें, आणि जें मंडळ त्यांनीं स्थापिलें त्याच्या नांवांत ‘हैदराबाद (सिंध)’ हे शब्द मुद्दाम ठेवले. गांव नकाशावर परदेशांत गेलें, परंतु संस्थेच्या पाटीवर कायम राहिलें. उल्हासनगरांत पहिलीं कांहीं वर्षें कॉलेज नव्हतें. ज्यास शिकावयाचें त्यानें गाडी धरून मुंबईस जावें. १९६१ सालीं तेथें तलरेजा कॉलेज निघालें, आणि १९६५ सालीं हैदराबाद (सिंध) मंडळानेंच चांदीबाई हिंमतमल मनसुखानी कॉलेज काढलें.

निर्वासित कुटुंबानें मुलास आधीं हिशेब आणि व्यापार शिकवावा हें स्वाभाविक होतें. त्यास दोष देणें सुखवस्तु माणसास शोभत नाहीं. तत्त्वज्ञान घेऊं पाहणाऱ्या मुलास, मग तो कॅम्पांतला असो कीं अंबरनाथ-बदलापूरचा, बहुधा दादरच गांठावें लागे. तेथें डेक्कन एज्युकेशन सोसायटीचें कीर्ति कॉलेज १९५४ सालीं निघालें होतें, आणि त्यांत मे. पुं. रेगे तत्त्वज्ञान शिकवीत. पुढें ते तेथेंच प्राचार्य झाले. रेगे यांनीं पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास मराठींत लिहिला आणि ‘नवभारत’ मासिकाचें संपादन केलें. त्यामुळें जे त्यांच्या वर्गांत कधींच बसले नाहींत अशांनाहि त्यांचे प्रश्न ऐकूं आले.

अमळनेरचें त्रैमासिक कांहीं काळानें बंद पडलें. पुणें विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागानें अमळनेरच्या संस्थेच्या सहकार्यानें १९७३ सालीं तें नव्या नांवानें सुरू केलें, आणि त्याच विभागांतून १९७९ सालीं मराठींतील ‘परामर्श’ निघालें. यामागें सुरेंद्र बारलिंगे यांची खटपट मोठी होती. या सुमारास बदलापूरहून पहाटेच्या गाडीनें दादरला जाणाऱ्या मुलास बसावयास जागा मिळत असे. ती त्यानें सोडली तर मात्र परत मिळण्याची आशा नव्हती, म्हणून पुस्तक तो मांडीवर उघडून वाची.