जुनी इंजिने, शिसे आणि बेंगळुरूतील रक्तचाचण्या

१ फेब्रुवारी २००० पासून भारतात सर्वत्र केवळ शिसेविरहित पेट्रोल विकले जाऊ लागले. जगभर जिथे जिथे असा बदल झाला, तिथे जुन्या मोटारी जपणाऱ्यांना एकच प्रश्न पडला: हे पेट्रोल आपल्या इंजिनांना मानवेल का?

प्रश्न निराधार नव्हता. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांना आढळले की, पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळल्यास इंजिनातील नॉकिंग थांबते. त्यामुळे अधिक दाबाची, अधिक वेगवान इंजिने बनवणे शक्य झाले. या शिशाचा एक लाभ मात्र अनपेक्षित होता. ज्वलनानंतर शिशाच्या संयुगांचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर बसे आणि वंगणाचे काम करी. त्या भरवशावर अनेक कारखान्यांनी वेगळी कठीण सीट न बसवता ती थेट बिडाच्या हेडमध्येच कोरली. एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन याच घडणीचे. त्याच कुळातील इंजिन आपल्या ॲम्बॅसडरमध्येही होते.

थर नाहीसा झाला की तापलेला व्हॉल्व्ह सीटला क्षणभर चिकटतो आणि सुटताना धातूचे कण ओरबाडतो. सीट खोल जाते, टॅपेटची फट मिटते, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि अखेरीस जळतो. दीर्घकाळ भरधाव चालणाऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये ही झीज सर्वाधिक. शहरातल्या संथ रहदारीत बरीच कमी.

पण शिशाची खरी किंमत वेगळ्याच ठिकाणी मोजली जात होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेंगळुरूच्या जॉर्ज फाउंडेशनने देशातील सात शहरांत रक्तचाचण्या केल्या. बारा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे आढळले. हे शिसे वाढत्या मेंदूला इजा करते आणि ती इजा सहसा भरून येत नाही. बेंगळुरूच्याच सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. थुप्पिल वेंकटेश यांनी हा प्रश्न सातत्याने मांडला. फेब्रुवारी १९९९ मध्ये याच शहरात शिशाच्या विषबाधेवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

शिसेविरहित पेट्रोल तोवर देशाला अगदीच नवे नव्हते. एप्रिल १९९५ पासून ते चार महानगरांत मिळत होते, पण कारण होते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, जो शिशाने निकामी होतो. बेंगळुरू त्या चारांत नव्हते. २००० मध्ये हा अपवाद देशाचा नियम झाला. पुढे मुंबईतील मुलांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा ती मर्यादा ओलांडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशावर आले होते. उरलेले शिसे जुन्या बॅटऱ्या, रंग अशा वाटांनी येतच होते.

जुन्या इंजिनांवर मात्र उपाय सापडला. हेड उतरवून, सीट खरवडून तिथे कठीण मिश्रधातूची कडी दाबून बसवली की ते इंजिन शिशावाचून निर्धास्त चालते. काम एकदाच करावे लागते आणि चांगल्या गॅरेजात होते. ज्या इंजिनांसाठी शिसे अपरिहार्य मानले गेले, त्यांची गरज एका कडीने भागली. तरीही मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे जगभरातून हद्दपार व्हायला २०२१ साल उजाडले. शेवटचा देश अल्जीरिया.