अडीच किलोचा तंबू आणि बादशहाचे ३८ दिवस

मागच्या पावसाळ्यात एक तंबू घेतला. पिशवीतून काढायचा, हवेत भिरकावायचा, जमिनीवर पडेपर्यंत तो आपोआप उघडलेला असतो. आत स्प्रिंगच्या तारेच्या कड्या असतात, त्या पिळून दाबून ठेवलेल्या असतात, एवढंच गुपित. वजन अडीच किलो. दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड अशा पायी मोहिमा निघतात. आम्ही काही मित्रांनी मसाई पठारावर चालणाऱ्यांसाठी चहापाण्याची सोय करायचं ठरवलं होतं. म्हटलं, सामानाला आडोसा होईल, दमलेल्या पोरांना घटकाभर बसता येईल.

पंधरा मिनिटं टिकला! खुंट्या चिखलातून अलगद निघाल्या, वारा आत शिरला आणि मग चार जण तंबू धरून उभे. म्हणजे तंबूत माणसं बसायच्या ऐवजी माणसांनीच तंबूला आसरा दिला. शेजारून घोंगड्याची खोळ घेतलेले एक आजोबा म्हशी घेऊन चालले होते. थांबले, बघितलं आणि म्हणाले, "पावसाळ्यात कापडात ऱ्हात्यात व्हय? दसरा झाल्यावर या की."

हे वाक्य डोक्यात बसलं. कारण याच टापूत, आजोबांचा सल्ला न मानल्यामुळे, हिंदुस्थानातला सगळ्यात मोठा तंबू फसला होता.

आधी मोगलांचा तंबू म्हणजे काय ते बघू. अबुल फजलनं 'ऐन-इ-अकबरी'त अकबराच्या मुक्कामाचा हिशेब दिलाय: वाहून न्यायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल, उभारायला १००० फरास. फरास म्हणजे तंबू-जाजमं सांभाळणारे नोकर. पुण्याच्या फरासखान्याच्या नावात ते अजून आहेत. आणि गंमत म्हणजे तंबूंचे दोन संच असायचे. बादशहा एका मुक्कामात असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामावर जाऊन उभा राहायचा. त्याला पेशखाना म्हणत. बादशहा पोचतो तेव्हा सगळं तयार! त्याच्या दृष्टीनं तंबू आपोआपच उघडत होता. स्प्रिंगच्या जागी हजार माणसं होती, एवढाच फरक. आम्ही सॉफ्टवेअरवाले लोकांना 'एक बटण दाबा' म्हणतो, तेव्हा पडद्यामागे असंच काहीतरी चाललेलं असतं. असो.

औरंगजेब दख्खनमध्ये उतरला तो हे सगळं घेऊन. जेमेल्ली कारेरी या इटालियन प्रवाशानं १६९५ मध्ये कृष्णाकाठी गलगलीला त्याची छावणी बघितली. तो म्हणतो, छावणीचा घेर ३० मैलांचा, त्यात बादशहाच्या एकट्याच्या डेऱ्यांचा ३ मैलांचा. चालतं शहरच ते. एप्रिल १७०१ मध्ये इंग्लंडचा वकील सर विल्यम नॉरिस या दरबाराला भेटला, तेव्हा ते शहर आपल्या पन्हाळ्याच्या पायथ्याशी होतं.

मराठ्यांना या तंबूचं महत्त्व चांगलंच ठाऊक होतं. संताजी घोरपड्यांनी १६८९ मध्ये तुळापूरच्या छावणीत घुसून बादशहाच्या डेऱ्याचे तणाव कापले आणि सोन्याचे कळस नेले, ही बखरीतली गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. (संताजींचं कापशी आपल्याच जिल्ह्यात.) पण तणाव कापून तंबू एक रात्र पडतो. खरा घाव पावसानं घातला.

पन्हाळा मे १७०१ मध्ये मोगलांना मिळाला. मग विशाळगड, म्हणजे तेव्हाचा खेळणा. वर्षअखेरीस वेढा सुरू झाला, सहा महिने चालला. परशुराम त्रिंबक प्रतिनिधींनी किल्ला शिकस्तीनं झुंजवला आणि जून १७०२ मध्ये रोख रक्कम घेऊन खाली केला. तारीख बघा, जून! म्हणजे मोगलांनी पैसे मोजून किल्ला घेतला, तोही आंब्याचा पाऊस सुरू होताना. १० जूनला फौज पन्हाळ्याकडे निघाली. अंतर सुमारे ३० मैल. वेळ लागला ३८ दिवस. आज कोल्हापूरहून विशाळगडाला जाऊन जेवायला घरी परत येता येतं.

३८ दिवस का लागले, हे मसाईवर भिजल्याशिवाय कळत नाही. सुती कापड पाणी पितं. कोरडा असताना उंटाला झेपणारा डेरा भिजला की झेपत नाही. आणि उंट हा वाळूतला प्राणी, लाल चिखलात त्याचा पाय घसरतो. सुती दोर भिजले की आखडतात, वेळेवर सैल केले नाहीत तर खुंट्या उपटतात. वाटेत ओढ्यांना पूर. आता तो पेशखाना डोळ्यांसमोर आणा. पुढं पाठवायचा संच ओढ्याअलीकडे, माणसं पलीकडे, किंवा उलट. बादशहा ८३ वर्षांचा होता, पण त्याच्यावर काही ना काही छप्पर धरलं गेलंच असणार. ज्यांनी ते धरलं त्यांचं काय? फरास, हमाल, माहूत, बाजारातले बनिये, त्यांच्या बायकापोरी. जनावरं आणि माणसं या वाटेवर किती मेली, त्याचा सगळा हिशेब कुणी ठेवला नाही.

मराठे हलके होते म्हणून जिंकले, असं आपण सहज म्हणून टाकतो. मला ते अर्धंच पटतं. पाऊस मराठ्यांनाही भिजवत होता, आणि त्यांच्याकडे काही चांगला तंबू नव्हता. त्यांच्याकडे पंचांग होतं. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराचा नेम दिलाय: पावसाळ्यात फौज आपल्या मुलखात छावणीला यावी, दसऱ्याला बाहेर पडावी. छावणी शब्दाच्या मुळाशी छावणं आहे, म्हणजे छप्पर शाकारणं. पाल आणि राहुटी कोरड्या आठ महिन्यांसाठी, ओल्या चार महिन्यांना शाकारलेलं घर. शिवाय त्या नेमात लष्करात बायका, बटकी, कलावंतिणी न्यायला सक्त बंदी होती, म्हणजे तंबूंची गरजच निम्म्यानं कमी.

पुढं आपणही ते विसरलो. १७६० मध्ये भाऊसाहेबांबरोबर उत्तरेत गेलेल्या डेऱ्यांचं वर्णन ग्रँट डफनं केलंय: आतून रेशीम आणि बनात, वर सोनेरी कळस. कळस कापून आणणाऱ्यांची नातवंडं-पतवंडं स्वतःच कळस लावून निघाली होती. पानिपताची कारणं पुष्कळ आहेत, सगळं खापर तंबूवर फोडायला नको. पण ते वर्णन वाचताना पोटात कालवतं खरं.

आमच्या पश्चिम भागात भाताच्या लावणीला बायका इरलं घ्यायच्या. बांबूच्या कामट्या आणि पानं, पाठीवर पालथं घालायचं, दोन्ही हात रोपं लावायला मोकळे. आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचा कागद आलाय. अंगावरच नेता येणारा, खुंटी न लागणारा तंबू तोच. आणि उसाच्या हंगामात बीडकडून येणाऱ्या तोडकऱ्यांच्या कोपी आपण दरवर्षी रस्त्यावरून बघतोच. त्या उभारायला हजार फरास नसतात. दिवसभर ऊस तोडून आलेली नवराबायकोच त्या उभारतात, आणि फड संपला की मोडून पुढच्या गावाला नेतात.

माझा तंबू सध्या बाल्कनीत आहे. आपोआप उघडतो हे खरं, पण मिटताना तो पिळून आठचा आकडा करावा लागतो, आणि ती युक्ती मला अजून जमलेली नाही. दोनदा तोंडावर आपटलाय. बायको म्हणते, राहू दे तसाच, दसऱ्यानंतर बघू.