कोपलंडचं भिजत घोंगडं

फसलेलं प्रोजेक्ट बंद करायला एवढा वेळ का लागतो? आयटीत चार-पाच वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, एक तरी भिजत घोंगडं तो सांगेलच. मला या विषयावर हटकून आठवतं ते ॲपलचं कोपलंड.

तर मंडळी, १९८४ साली पहिला मॅकिंटॉश आला तेव्हा त्यात मेमरी होती फक्त १२८ केबी. एका वेळी एक प्रोग्रॅम, एवढाच हिशोब. पुढे त्याच पायावर मजले चढत गेले आणि नव्वदीत गत अशी झाली की एक प्रोग्रॅम बिघडला तर अख्खं मशीन आडवं व्हायचं. नवी ऑपरेटिंग सिस्टिम हवी हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. १९९४ मध्ये ॲपलने ती जाहीर केली. नाव कोपलंड, संगीतकार ॲरन कोपलंडवरून.

मग नेहमीचंच सुरू झालं. गाभा नवा हवा, पण जुने प्रोग्रॅम जसेच्या तसे चालले पाहिजेत. शिवाय ज्याला त्याला आपलं फीचर यातच घुसवायचं होतं. तारखा पुढे सरकत राहिल्या. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ येऊन गाजलंसुद्धा. १९९६ च्या सुरुवातीला एकाच तिमाहीत ॲपलला ७४ कोटी डॉलर्सचा तोटा झाला. तरी मे महिन्यात नवे सीईओ गिल अमेलिओ डेव्हलपर्सच्या परिषदेत कोपलंडचेच गोडवे गात होते.

मला वाटतं, "नवी ओएस हवी" आणि "कोपलंड हवं" या दोन गोष्टी तिथे एकच होऊन बसल्या होत्या. पहिली शंभर टक्के खरी, म्हणून दुसरीवर कुणी बोट ठेवेना.

ही गाठ सोडवली एलन हॅनकॉक यांनी. आयबीएम, नॅशनल सेमीकंडक्टर असा प्रवास करून १९९६ च्या मध्यावर त्या ॲपलमध्ये आल्या. कोपलंड त्यांनी सुरू केलेलं नव्हतं, त्यामुळे त्यात त्यांची अब्रू अडकलेली नव्हती. हे पूर्ण होणार नाही, बाहेरून ओएस घ्या, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ऑगस्टमध्ये कोपलंड बंद झालं. गंमत म्हणजे तेव्हा हातात पर्याय काहीच नव्हता! बंद केल्यावरच शोध नेटाने सुरू झाला. डिसेंबरमध्ये स्टीव्ह जॉब्जची नेक्स्ट कंपनी सुमारे ४० कोटी डॉलर्सला घ्यायचं ठरलं. तिच्या पायावर उभी राहिलेली मॅक ओएस टेन मार्च २००१ मध्ये बाजारात आली. जुन्या प्रोग्रॅम्सना तिने 'क्लासिक' नावाची वेगळी खोली दिली.

आणि कोपलंडमधली मेहनत? ती सगळी पाण्यात गेली नाही. त्याचं देखणं रूप आणि इतर काही भाग जुलै १९९७ च्या मॅक ओएस ८ मध्ये कामी आले.

आमच्याकडे दर आठवड्याच्या मीटिंगमध्ये प्रोजेक्टपुढे हिरवा ठिपका द्यायचा की पिवळा, यावर तासभर काथ्याकूट होतो. मुळात कुणाला काय हवं होतं आणि ते दुसरीकडून मिळेल का, हे कुणी विचारत नाही. तुमच्याकडे असं एखादं कोपलंड असेल, तर सोमवारी विचारून बघा. शक्यतो नव्यानेच आलेल्या माणसाला विचारा!