पाय रोवून तरंगणारा धक्का

३० मे १९४२ रोजी चर्चिल यांनी माउंटबॅटन यांना चिठ्ठी धाडली : शत्रूच्या किनाऱ्यावर लावायचे धक्के भरती-ओहोटीबरोबर वरखाली झाले पाहिजेत, नांगरांचा प्रश्न सुटला पाहिजे. त्या वेळी हे वेडच वाटले असेल. नॉर्मंडीत भरती-ओहोटीतला फरक सहा मीटरांहून अधिक.

उत्तर सापडले गाळ उपसणाऱ्या जहाजात. लॉब्निट्झ कंपनीच्या ड्रेजरला समुद्रतळावर टेकायचे पाय असत. तसेच चार पाय तरंगत्या पोलादी फलाटाला दिले. पाय तळाशी घट्ट, फलाट त्यांच्यावरून पाण्याबरोबर चढता-उतरता. जहाजे फलाटाला लागायची आणि तिथून तराफ्यांवरच्या पुलावरून ट्रक किनारा गाठायचे. लाटांबरोबर पिळवटणारा तो पूल ॲलन बेकेट या अभियंत्याचा. मला मात्र त्याचा नांगर अधिक मोठा वाटतो : ओढ वाढेल तसा तो तळात आणखी खोल रुते.

१९ जून १९४४ला वादळ उठले. ओमाहा किनाऱ्यावरचे अमेरिकन बंदर मोडले. तिथे नांगर कमी पडले, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. आरोमांशचे ब्रिटिश बंदर जायबंदी होऊनही टिकले. त्याच्या डागडुजीला मोडलेल्या बंदराचेच सुटे भाग नेले.