भाऊच्या धक्क्यावरून दिसणारा १४ एप्रिल

मी नागापूर एमआयडीसीतला. आमच्याकडे एप्रिलात अग्निशमन सप्ताह लागतो. गेटवर खिशाला छोटा झेंडा टोचतात, वाळूच्या बादल्यांना लाल रंग, सायरन, ड्रिल. सप्ताह १४ तारखेलाच का सुरू होतो, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

परवा मित्रांसोबत मुंबईत भाऊच्या धक्क्यावर गेलो. रो-रो बोटीने मांडवा, डेकवर वारा, फोटो. एकीकडे आम्ही फिरायला आलेले, दुसरीकडे मासळीच्या टोपल्या आणि बर्फ. आणि दक्षिणेला, अगदी जवळ, व्हिक्टोरिया डॉकची जागा.

१४ एप्रिल १९४४. तिथे ‘फोर्ट स्टिकीन’ नावाची बोट उभी होती. एकाच बोटीत कापसाच्या गाठी, सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि सोन्याच्या विटा! (हे वाचून आमचा सेफ्टी ऑफिसर चक्कर येऊन पडेल.) दुपारी कापूस पेटला. बंबवाले बोटीवर चढून पाणी मारत राहिले. चारनंतर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. सोन्याच्या विटा लांबवर उडाल्या. शेकडो माणसं गेली, त्यात ६६ जण अग्निशमन दलाचे. युद्धाचे दिवस, त्यामुळे बातमीवरही सेन्सॉर.

तो झेंडा त्यांच्यासाठी असतो. आमच्याकडे तो संध्याकाळी कँटीनच्या टेबलाखाली सापडतो. परतीच्या बोटीत मी मित्रांना हे सांगितलं, तेव्हा सेल्फी काढणारा एकजण म्हणाला, “थांब, नेमकं कुठे? दाखव.” मी क्रेनकडे बोट दाखवलं.