शेतकरी संघटनेचा अर्थविचार

शेतकरी संघटनेचा अर्थविचार : शेतकऱ्याचे दारिद्र्य निसर्गाने किंवा आळसाने आलेले नसून ते सरकारी धोरणाने लादलेले आहे, या प्रतिपादनावर उभा असलेला, खुल्या बाजारपेठेचा पुरस्कार करणारा विचार. त्याचे प्रवर्तक शरद जोशी (1935–2015). टपाल खात्यात आणि पुढे बर्न येथील जागतिक टपाल संघात अधिकारी असलेल्या जोशींनी मायदेशी परतून चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू शेती सुरू केली. चाकणचे कांदा आंदोलन (1978) आणि नाशिक जिल्ह्यातील ऊस-कांदा आंदोलन (1980) यांतून हा विचार गावोगाव पोहोचला. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही त्याची सर्वपरिचित घोषणा.

नियंत्रण आणि उणे सबसिडी : शेतमाल स्वस्त राहिला म्हणजे शहरातील मजुरी व कारखान्यांचा कच्चा माल स्वस्त राहतो, त्यामुळे शेतीतली बचत शेतीत भांडवल म्हणून न उरता बाहेर ओढली जाते, अशी जोशींची मांडणी होती. आवश्यक वस्तू कायदा (1955), लेव्ही (सक्तीची सरकारी वसुली), जिल्हा व राज्यबंदी, निर्यातबंदी ही त्याची साधने. कांदा महागला की निर्यात थांबते, व्यापाऱ्यांच्या साठ्यावर मर्यादा येते आणि लिलावात बोली उतरते. भाव कोसळल्यावर मात्र तोटा शेतकऱ्याचा एकट्याचा. बाजारात मिळू शकणाऱ्या किमतीपेक्षा अशा रीतीने कमी पडणाऱ्या रकमेला संघटना ‘उणे सबसिडी’ म्हणते. जागतिक व्यापार करारासाठी भारताने दिलेल्या 1986–88 च्या आकडेवारीत पीकनिहाय आधार उणे निघाल्याने या मांडणीला बळ मिळाले.

महाराष्ट्रातील कापूस एकाधिकार खरेदी योजना (1972) हे उणे सबसिडीचे ठळक उदाहरण. शेतकऱ्याला कापूस सरकारी यंत्रणेलाच घालावा लागे. खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागत, चुकारे हप्त्यांनी मिळत आणि शेजारच्या राज्यात भाव चढा असला तरी कापूस सीमेपार नेणे हा गुन्हा ठरे. संघटनेने ही सीमाबंदी मोडण्याची आंदोलने केली.

मालमत्ता : घटनेचे नववे परिशिष्ट (1951) जमीनविषयक कायद्यांना मूलभूत हक्कांच्या कसोटीतून वगळते, म्हणून संघटनेचा त्याला विरोध आहे. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला गेला, ही तिची दुसरी तक्रार. कोरडवाहू जमिनीची 54 एकरांची कमाल मर्यादा केवळ शेतीलाच लागू होते, उद्योगातील संपत्तीला तशी मर्यादा नाही, याकडेही ती बोट दाखवते. चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर (1986) पुढे आलेल्या ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रमात शेतकऱ्यांनी स्वेच्छेने जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे केला. सातबारावर तिचे नाव चढणे हा त्यातला मुख्य भाग.

भूमिकेतील स्थित्यंतर व आक्षेप : आरंभी उत्पादनखर्चावर आधारित रास्त भाव सरकारकडे मागणारी संघटना 1990 नंतर सरकारनेच बाजारातून बाजूला व्हावे असे म्हणू लागली. जोशींनी जागतिक व्यापार कराराच्या डंकेल प्रस्तावाचे स्वागत केले आणि 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष स्थापन केला. याला टीकाकार विसंगती म्हणतात; अनुयायांच्या मते दोन्ही मागण्यांचे लक्ष्य एकच, भाव पाडणारे सरकार. विकायला वाढावा नसलेला अल्पभूधारक आणि भूमिहीन मजूर यांना चढ्या भावाचा लाभ किती, हा डाव्या अभ्यासकांचा आक्षेप आहे. मोठ्या खरेदीदारांपुढे विखुरलेला शेतकरी कितपत टिकेल, हा प्रश्नही विचारला जातो. शेतीत किफायत आली तर मजुरीही वाढेल, असे संघटनेचे पहिल्या आक्षेपाला उत्तर असते.

प्रभाव : 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात संघटनेने तणनाशक-सहनशील कापसाचे परवानगी नसलेले बियाणे जाहीरपणे पेरून तंत्रज्ञानावरील बंदीला आव्हान दिले. 2020 च्या केंद्रीय कृषी कायद्यांतील बाजारमुक्तीला तिने पाठिंबा दिला. दिल्लीच्या सीमेवर आंदोलन करणाऱ्या इतर शेतकरी संघटना मात्र हमीभाव व बाजारसमित्यांच्या रक्षणासाठी त्याच कायद्यांविरुद्ध उभ्या राहिल्या. 2021 मध्ये ते कायदे रद्द झाले.