सुरतेची अदालत आणि तिची दोन भाषांतली दप्तरे

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाच्या मनात १६६४ आणि १६७० ही दोन साले उभी राहतात, आणि पाठ्यपुस्तकातली सुरत बहुधा तिथेच संपते. पुढच्या शतकात याच शहराच्या उत्पन्नात पेशव्यांचा आणि गायकवाडांचा चौथाईचा वाटा होता आणि त्याच्या वसुलीसाठी 'चौथिया' म्हणून ओळखला जाणारा मराठी अंमलदार येथे राहत असे, हे फारसे कुणाला सांगितले जात नाही. मे १८०० मध्ये कंपनी सरकारने नबाबाशी तह करून शहराचा कारभार ताब्यात घेतला. गायकवाडांनी आपला हक्क सोडला; दुसऱ्या बाजीरावाचा हिस्सा १८०२ च्या वसईच्या तहात गेला. चौथिया गेला आणि त्याच्या जागी अदालत आली. या अदालतीची हकीकत आज सांगावीशी वाटते, कारण लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत राहणाऱ्या हजारो खानदेशी कुटुंबांचा तिच्याशी अजून रोजचा संबंध येतो.

मुंबई इलाख्याचे अपिलाचे सर्वोच्च न्यायालय, म्हणजे सदर अदालत, १८२० नंतरची काही वर्षे मुंबईत नव्हे तर सुरतेत भरत असे. त्या काळात हॅरी बोराडेल नावाचा एक मुलकी अधिकारी येथे होता. सदर अदालतीचे निवाडे त्याने संकलित करून छापले, गुजरातेतल्या जातीजातींचे रिवाज विचारून लिहून घेतले, आणि १८२७ मध्ये 'व्यवहारमयूख' या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर सुरतेतच प्रसिद्ध केले. या ग्रंथाचा कर्ता नीलकंठ भट्ट सतराव्या शतकात काशीत राहत असला, तरी त्याचे घराणे मूळचे पैठणचे. गंमत अशी की वारसा आणि वाटणीच्या कज्ज्यांत महाराष्ट्रात प्राधान्य मिळाले ते विज्ञानेश्वराच्या 'मिताक्षरे'ला; पैठणच्या भट्टांचा 'मयूख' वरचढ ठरला तो गुजरातेत, मुंबई बेटात आणि उत्तर कोकणात! मयूखाने बहिणीला वारसांच्या ओळीत जागा दिली होती. त्या आधारावर किती घरांतल्या बहिणींना भावाच्या मागे काही मिळाले असेल याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हा भेद बहुतांशी पुसला. १९२६ मध्ये मयूखाची चिकित्सक आवृत्ती भांडारकर संस्थेकडून निघाली. संपादक महामहोपाध्याय पां. वा. काणे. जिज्ञासूंनी ती अवश्य पाहावी.

बोराडेलचे भाषांतर निघाले त्याच साली एल्फिन्स्टनची सत्तावीस रेग्युलेशने आली. त्यांतल्या चौथ्या रेग्युलेशनात न्यायाधीशाने कोणत्या कायद्याने निकाल द्यावा त्याचा क्रम घातलेला आहे. आधी पार्लमेंटचे कायदे व सरकारी रेग्युलेशने. ती नसतील तर ज्या प्रांतात दावा उद्भवला तेथील वहिवाट. तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा. आणि काहीच नसेल तर न्याय, समता व सद्सद्विवेक. या ओळींत देशातल्या रिवाजाला मिळालेला मान पुढच्या कायदेकर्त्यांनी क्वचितच दिला. रिवाज सांगायला अदालतीत शास्त्री आणि काजी नेमलेले असत. १८६४ च्या कायद्याने ती पदे बंद झाली.

१८६२ मध्ये मुंबईचे हायकोर्ट स्थापन झाले आणि १८६९ मध्ये मुंबई दिवाणी न्यायालय अधिनियम आला. तेव्हापासून सुमारे शंभर वर्षे सुरतेचा पक्षकार आणि धुळ्याचा पक्षकार एकाच हायकोर्टाच्या हाताखालच्या कोर्टांत उभे राहिले. त्याची खूण शब्दांत आहे. सरतपास, उलटतपास, पंचनामा, मुद्देमाल, वकालतनामा हे शब्द आपण मराठीत वापरतो. गुजराती वकीलही, थोड्या उच्चारभेदाने, हेच वापरतो. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज म्हणजे 'दरखास्त', आणि पक्षकाराने कोर्टाला द्यायचे छोटे लेखी निवेदन म्हणजे 'पुरसीस'. हे दोन्ही शब्द दोन्ही राज्यांतल्या कोर्टांत इंग्रजी कागदांवरसुद्धा जसेच्या तसे लिहिले जातात. दुसऱ्या इलाख्यातल्या वकिलाला ते समजावून सांगावे लागतात. फरक पडतो तो थोडाच: आपला रोजनामा तिकडे 'रोजकाम' होतो, आपले प्रतिज्ञापत्र 'सोगंदनामुं', आपला निकाल 'चुकादो'. जमिनीच्या कागदाचेही तेच. सातबारा नवापुरातही सातबारा आणि उच्छलमध्येही सातबाराच. माझ्या मते एका इलाख्यात नांदल्याचा याहून सबळ पुरावा कुठल्या ताम्रपटातही मिळणार नाही.

१ मे १९६० रोजी हे दप्तर दुभंगले. अहमदाबादेस गुजरातचे स्वतंत्र हायकोर्ट झाले. कायदे मात्र दोन्हीकडे 'मुंबई' नावाचेच चालू राहिले. १८६९ चा दिवाणी न्यायालयांचा कायदा गुजरातने २००५ मध्ये नवा कायदा करून बाजूला सारला. बाकीच्या कित्येक कायद्यांतले 'मुंबई' हे नाव २०११ मध्ये काढून तेथे 'गुजरात' घातले, तेही १९६० पासून तसेच होते असे मानून. महाराष्ट्रानेही थोड्याफार फरकाने हेच केले. विधिमंडळाला हा अधिकार आहे, हे खरे. पण मागील तारखेने नाव बदलणे इतिहास शिकवणाऱ्या माणसाला थोडे जडच जाते. असो.

भाषेचा प्रश्न याहून निकडीचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे खालच्या कोर्टांची भाषा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारचा. महाराष्ट्राने २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने ती मराठी ठरवली. गुजरातेत ती गुजराती आहे. वरच्या कोर्टांत इंग्रजीच. हायकोर्टात गुजराती चालावी या मागणीला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नकार दिला. म्हणजे लिंबायतच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या शिरपूरच्या माणसाचा दावा गुजरातीत सुरू होतो, अपिलात इंग्रजी होतो, आणि घरी त्याची चर्चा अहिराणीत होते.

पूर्वी यात एक सोय होती. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून आपल्या तोंडाने सांगत असे. तो गुजराती मराठीची खिचडी बोलला तरी न्यायाधीश ती ऐकत, न समजलेले पुन्हा विचारत. दिवाणी संहितेतल्या १९९९ आणि २००२ च्या दुरुस्त्या १ जुलै २००२ पासून लागू झाल्या आणि सरतपास प्रतिज्ञापत्रावर घेण्याची पद्धत आली. प्रतिवादीने तीस दिवसांत, फार तर नव्वद दिवसांत कैफियत द्यावी, मुदतवाढ तीन वेळांपेक्षा जास्त मिळू नये, हेही त्याच वेळचे. वेळ वाचवण्याचा हेतू चांगलाच होता. पण आता साक्षीदाराची जबानी वकिलाच्या कार्यालयात, संगणकावर, त्याला न वाचता येणाऱ्या लिपीत तयार होते. तो खाली मराठीत सही करतो. उलटतपासात समोरचा वकील त्यातले एखादे वाक्य वाचतो तेव्हा ते आपले आहे हे त्याला प्रथमच कळते. पालक असे कागद घेऊन शाळेत येतात, 'सर, एवढं वाचून सांगा,' म्हणतात. सही होऊन महिना उलटलेला असतो. फौजदारी खटल्यात निदान आरोपीला न समजणाऱ्या भाषेतली साक्ष त्याला समजेल अशा भाषेत उलगडून सांगण्याची तरतूद आहे. ती १९७३ च्या संहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे.

याच नव्या संहितेने समन्स, साक्ष आणि सुनावणी इलेक्ट्रॉनिक मार्गाने होऊ शकेल असे म्हटले आहे. गुजरात हायकोर्ट यात पुढे होते: ऑक्टोबर २०२० मध्ये मुख्य न्यायमूर्तींच्या न्यायपीठाचे कामकाज यूट्यूबवर दाखवायला त्याने सुरुवात केली आणि २०२१ मध्ये त्याचे रीतसर नियम केले. सुरतेच्या व्यापाऱ्याने धनादेश न वटल्याची फिर्याद लावली की अमळनेरच्या साडी दुकानदाराला सुरतेला यावे लागते, कारण २०१५ च्या दुरुस्तीने अशी फिर्याद पैसे घेणाऱ्याचे खाते जिथे असेल तिथे चालते. अशा माणसाला दूरदृश्य सुनावणीने गाडीभाडे आणि दिवसाची मजुरी वाचेल. कागद कोणत्या भाषेत आहे, हा प्रश्न पडद्यावरही तसाच राहतो.

तोवर एवढे करता येईल: प्रतिज्ञापत्राच्या शेवटी 'वरील मजकूर मला मराठीत वाचून व समजावून सांगण्यात आला' ही ओळ घालून घ्यावी, खरोखरच वाचून घ्यावे, आणि मगच सही करावी. नंदुरबार, नवापूरकडच्या गुजराती भाषक व्यापाऱ्यांनाही १९९८ पासून हीच ओळ उलट दिशेने, गुजरातीसाठी, मागून घ्यावी लागते.